टी३१५आय निघाल्यावर: पोनॅटिनिब की असिमिनिब?

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) या रक्ताच्या कर्करोगात इमॅटिनिब ही गोळी चालेनाशी झाली, मग दुसरी गोळीही चालेनाशी झाली आणि रिपोर्टवर टी३१५आय हे म्युटेशन (जनुकातला बदल) आलं, की पर्याय झपाट्याने कमी होतात. डॅसॅटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब तिन्ही बाद. आजाराला कारण असलेल्या बीसीआर-एबीएल या प्रथिनात ३१५ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन बसतं आणि औषधाची वाटच अडते. ट्रान्सप्लांटचा विचार बाजूला ठेवला तर मुख्यतः उरतात ती ही दोन नावं. मी आधी पोनॅटिनिब घेतलं, आता असिमिनिबवर आहे.

जोराचं म्हणाल तर पोनॅटिनिबवर माझा राग नाही. त्याच्या रेणूत एक तिहेरी बंध आहे, त्यामुळे तो त्या आयसोल्युसिनला न अडखळता आत शिरतो. माझ्या रक्तातलं बीसीआर-एबीएलचं प्रमाण लवकर उतरलं. ४५ मिलिग्रॅमने सुरुवात आणि आकडा १ टक्क्यावर किंवा त्याखाली आला की १५, ही आता रुळलेली पद्धत माझ्याही डॉक्टरांनी पाळली. जेवणाच्या वेळेचं बंधनही नाही.

त्रास दिला तो बीपीने. आधी कधी नव्हतं, ते चढलं. त्यासाठी एक गोळी आली, मग दुसरी. पण आकड्यापेक्षा जाचक होती ती शंका. जिना चढताना पोटरी दुखली, की हे नुसतं थकणं की रक्तवाहिनी बंद होतेय? छातीत जरा ओढलं तरी तेच. ही भीती मनाची नव्हती. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या या औषधाची विक्री तिथे ऑक्टोबर २०१३ मध्ये धमन्या बंद पडण्याच्या घटनांमुळे थांबवली गेली होती. कडक इशाऱ्यांसह ते परत आलं. कमी डोसवर धोका घटतो, संपत नाही. आजार आटोक्यात असूनही मी दिवसभर स्वतःच्या शरीरावर पहारा देत होतो. औषध बदलायचं ठरवलं ते यामुळेच.

बाकीच्या गोळ्या प्रथिनात एटीपी (पेशीतला ऊर्जा देणारा रेणू) बसतो ती जागा अडवतात; असिमिनिब त्या जागी भांडतच नाही. ते एबीएलच्या मिरिस्टॉइल खाचेत (त्याच प्रथिनातल्या वेगळ्या जागी) बसतं आणि प्रथिनाला बंद अवस्थेत धरून ठेवतं. इतर काइनेजना (एबीएलसारख्या बाकीच्या एन्झाइमना) फारसं छेडत नाही. माझं बीपी हळूहळू खाली आलं, एक गोळी सुटली. माझ्या एकट्याच्या अनुभवावरून सगळ्यांचं सांगता येत नाही, आणि बीपी वाढणं, लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) चढणं, प्लेटलेट उतरणं याच्यातही होतं, हृदयाच्या तक्रारींचा इशाराही आहेच. तरी पोटरीकडे माझं लक्ष जाणं थांबलं.

याचा जाच वेगळा. एरवी रोजचे ८० मिलिग्रॅम पुरतात, पण टी३१५आयला २०० मिलिग्रॅम, तेही दिवसातून दोनदा. प्रत्येक वेळी आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं. नोकरी सांभाळून हे जमवायला सुरुवातीला जड गेलं, मग अंगवळणी पडलं. असिमिनिबची बाजू मांडताना एक आकडा नेहमी पुढे केला जातो: बोसुटिनिबशी तुलनेत २४ आठवड्यांना मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स (बीसीआर-एबीएल ०.१ टक्का किंवा त्याखाली येणं) २५.५ टक्के विरुद्ध १३.२. पण त्या चाचणीत टी३१५आयचे रुग्ण घेतलेलेच नव्हते, म्हणून आपल्या निर्णयात त्याला फार वजन देऊ नका.

दोन ठिकाणी मात्र मी पोनॅटिनिबकडेच बोट दाखवीन. आजार ॲक्सिलरेटेड किंवा ब्लास्ट या पुढच्या, जास्त आक्रमक अवस्थेत गेला असेल तर. असिमिनिबची मंजुरी क्रॉनिक, म्हणजे सुरुवातीच्या संथ अवस्थेपुरती आहे. आणि म्युटेशन त्या खाचेतच असेल तर, उदाहरणार्थ ए३३७व्ही किंवा पी४६५एस, असिमिनिबला पाय रोवायला जागाच उरत नाही. म्हणून बदल करण्याआधी म्युटेशनची तपासणी नव्याने करून घ्या. जुना रिपोर्ट चालणार नाही, मधल्या औषधाने चित्र बदललेलं असू शकतं. आजार क्रॉनिक अवस्थेत आहे, खाच मोकळी आहे आणि घरात हृदयविकार, मधुमेह किंवा सिगारेटचा इतिहास आहे, अशा माणसाने डॉक्टरांकडे असिमिनिबचा विषय आधी काढावा, असं मला वाटतं.