स्विमिंग पुलाच्या ‘वार्षिक देखभाली’च्या नावाखाली १,३१,५०० रुपयांना गंडा, लोणावळा, कर्जत, अलिबागकडच्या बंगलेवाल्यांनी नक्की वाचा

आधी हिशेब, म्हणजे कोणाला वाटायला नको की किरकोळ रकमेसाठी ओरड चाललीय. वर्षाचा करार, सगळे पैसे आगाऊ: ४८,००० रुपये. तीन वेळा ‘शॉक ट्रीटमेंट’ (एकदम भरपूर क्लोरीन टाकणं), प्रत्येकी ४,२००, म्हणजे १२,६००. शेवाळनाशकाचे चार कॅन, १,८५० चा एक, असे ७,४००. फिल्टरची वाळू बदलणं: १४,५००. ओझोन मशीनचा ॲडव्हान्स: ३५,०००. मशीन आलंच नाही. शेवटी पाणी बदलायला पाच टँकर, २,८०० चा एक, म्हणजे १४,०००. हे सगळं ८ बाय ४ मीटरच्या, सरासरी १.४ मीटर खोल अशा घरगुती पुलावर. म्हणजे जेमतेम ४५,००० लिटर पाण्यावर.

स्वस्त करार, मग ‘तुमचं पाणीच खराब आहे’, मग जादा बिलं, हा प्रकार सगळ्यांना माहीत असतो. इथली मेख रसायनात होती, म्हणून ती नीट सांगतो.

ऑक्टोबरपासून पुलात फक्त टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या) क्लोरीन गोळ्या पडत होत्या. त्या गोळ्या वाईट नसतात. ९० टक्के क्लोरीन, हळूहळू विरघळतात, केअरटेकरला सोप्या. पण त्या क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिडही सोडतात, ज्याला बाजारात स्टॅबिलायझर म्हणतात. १० पीपीएम (म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम) क्लोरीन मिळालं की ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात जमा. क्लोरीन उन्हाने उडून जातं, स्टॅबिलायझर उडत नाही. ४५,००० लिटरला रोज १०० ग्रॅम टीसीसीए म्हणजे रोज २ पीपीएम क्लोरीन आणि १.२ पीपीएम स्टॅबिलायझर. चार-साडेचार महिन्यांत ते १५० च्या पुढे जातं. हवं किती? ३० ते ५०.

थोडं स्टॅबिलायझर हवंच, नाहीतर दुपारच्या उन्हात क्लोरीन टिकत नाही. पण ते वाढलं की क्लोरीनला धरून ठेवतं, मोकळेपणी काम करू देत नाही. ढोबळ नियम असा की मोकळं (अजून वापरून न संपलेलं) क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी हवं. स्टॅबिलायझर ४० असेल तर ३ पीपीएम पुरतं. १८० असेल तर साडेतेरा लागतं. टेस्टमध्ये २ पीपीएम दिसतंय आणि तरी पाणी हिरवं, ते याच कारणाने. मार्चच्या उन्हात नेमकं तेच झालं. देखभालीचं काम घेणाऱ्यांना ते होणार हे ठाऊक होतं, कारण जादा बिलांचा धंदा तिथूनच सुरू होतो.

मग शॉक. लेबल खरवडून काढलेल्या बादलीतले पांढरे दाणे, दर वेळी किलोभर. ते निघालं एसडीआयसी, म्हणजे पुन्हा स्टॅबिलायझर असलेलंच क्लोरीन. त्यात तर १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम स्टॅबिलायझर वाढतं. ज्या कारणाने पाणी हिरवं झालं तेच आणखी ओतायचं, आणि वर ४,२०० रुपये घ्यायचे! एकदा शॉक दिला की दोन-तीन दिवस पाणी बरं दिसतं, म्हणून कोणालाही ते पटतं. स्टॅबिलायझर नको असेल तर शॉकसाठी साधं लिक्विड क्लोरीन वापरायचं. १० टक्क्यांचं ताजं एक लिटर ४५,००० लिटरला साधारण २.२ पीपीएम देतं. कॅन उन्हात ठेवलेला असेल तर ताकद निम्म्यावर आलेली असते, तो घेऊच नका.

शेवाळनाशक म्हणजे पाण्यात विरघळवलेलं मोरचूद. निळा रंग बघून लोकांना वाटतं काहीतरी भारी आहे. त्यातलं तांबं पुलातच राहतं आणि पीएच वर गेला की पायऱ्यांवर राखाडी-निळसर डाग बसतात. ते अजून तिथेच आहेत, आणि डाग काढायचा खर्च वरच्या हिशेबात धरलेलाही नाही.

वाळूचं बिल १५० किलो फिल्टर सँडचं. ६०० मिलिमीटरच्या फिल्टरला साधारण तेवढीच लागते, म्हणून आकडा खरा वाटला. प्रत्यक्षात २५ किलोच्या तीनच गोण्या फोडल्या गेल्या, आणि त्याही नदीच्या वाळूच्या. बारीक कण फिल्टरमधून परत पुलात येऊन तळाशी बसायला लागले. गोण्या समोर मोजून घ्या आणि रिकाम्या गोण्या ठेवून घ्या. मुळात ती वाळू चार-पाच वर्षं सहज चालते. स्वच्छ फिल्टरवर प्रेशर गेज जेवढं दाखवतो त्याच्या ८ ते १० पीएसआय वर गेलं की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवायची, एवढंच. बॅकवॉशने प्रेशर खाली येत असेल तर वाळू ठीक आहे.

आता वहीबद्दल. पंपरूमच्या दारामागे खिळ्याला टांगलेली नोंदवही. दर भेटीला क्लोरीन २.०, पीएच ७.४. सगळीकडे तोच निळा पेन, तोच तिरका सात. वीज नसल्यामुळे पंप बंद होता त्या दिवसांनाही २.० आणि ७.४. ‘स्टॅबिलायझर’ नावाचा रकाना छापलेला होता आणि त्यात वरपासून खालपर्यंत नुसत्या आडव्या रेघा! टीसीसीए इतकं आम्लधर्मी असतं की त्याच्या द्रावणाचा पीएच ३ च्या आसपास असतो. ते रोज पडतंय, बिलात पीएच वर आणणाऱ्या सोड्याचा एक ग्रॅम नाही, आणि पीएच पाच महिने ७.४ वरून हलत नाही? टाइल्सच्या सांध्यांवरून बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला लागत होती. आम्लाने ग्राउट खाल्लं होतं. वहीतला एकेक आकडा खोटा होता आणि ती वही महिनोन् महिने डोळ्यांसमोर लटकत होती. याचा संताप पैशांपेक्षा जास्त आहे.

‘तुम्ही लक्ष का नाही दिलं’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: लक्ष द्यायलाच तर ४८,००० दिले होते. गणवेशातला माणूस किट घेऊन येतो, नळी पिवळी करून दाखवतो, सही घेतो. त्या पिवळ्या टेस्टमध्ये एकूण क्लोरीन दिसतं, मोकळं किती आणि वापरून संपलेलं किती ते कळत नाही, हे घरमालकाला कोण सांगतं? गुलाबी रंगाची डीपीडी टेस्ट मागा. स्टॅबिलायझरची टेस्ट वेगळी असते: पुलाचं पाणी आणि किटमधला द्रव मिसळून गढूळ करायचं, तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत नळीत ओतायचं, आणि पातळी वाचायची. आकडा १०० च्या वर जातोय असं वाटलं तर पुलाचं पाणी तेवढ्याच नळाच्या पाण्यात मिसळून पुन्हा करा आणि येईल ते दुप्पट धरा. इथे ९० आलं, म्हणजे १८०.

१८० वर औषध नाही. ओझोनने ते जात नाही, तुरटीने जात नाही, वाळू बदलून तर नाहीच. पाणी बदलणं हा एकच साधा उपाय. निम्मं काढून भरलं की ९०, पुन्हा निम्मं केलं की ४५. एकदम पूर्ण रिकामा करू नका, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते, फरशा सुटतात. टँकरचं पाणी भरण्याआधी पांढऱ्या बादलीत घेऊन त्यात थोडं क्लोरीन टाकून बघा. चहासारखा रंग आला तर त्यात लोह आहे, परत पाठवा. नंतर अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) ८० ते १२० पीपीएममध्ये आणा. ४५,००० लिटरला १० पीपीएम वाढवायला साधारण ७५० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. किराणा दुकानातलाच चालतो. त्याच सोड्याला ‘अल्कलिनिटी बूस्टर’ म्हणून चौपट भावात विकतात.

आणि आता ज्यांचं काम आपल्याला मदत करायचं आहे ते लोक. पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, ‘हा दिवाणी मामला आहे, पाणी हिरवं झालं म्हणून गुन्हा नोंदवायचा का?’ खोट्या नोंदी, कधीच न आलेल्या मशीनचे ३५,०००, न भरलेल्या वाळूचं बिल, यात फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? तक्रारअर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितल्यावर ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’. बँक म्हणते, यूपीआयने पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. बिलावर १८ टक्के जीएसटी लावलेला आणि नंबर तपासला तर नोंदणी केव्हाच रद्द झालेली. हे कर खात्याला दाखवलं तर ‘पोर्टलवर टाका’. सरकारचाच कर खाल्लाय हो, तरी कोणाला काही पडलेली नाही! ज्याच्याकडे जावं तो दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो. तेवढ्या वेळात त्या माणसाचा फोन बंद, आणि तो दुसऱ्याच नावाने शेजारच्या बंगल्यांवर कार्ड वाटत फिरतोय.

पोलिसांनी नकार दिला तर लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही. मात्र बंगला भाड्याने देत असाल तर समोरचा वकील ‘हा व्यावसायिक वापर आहे, हे ग्राहकच नाहीत’ असा मुद्दा काढणार, त्याची तयारी ठेवा. जीएसटी नंबर पैसे देण्याआधी तपासा. दोन मिनिटं लागतात. वर्षाचे पैसे आगाऊ अजिबात देऊ नका, महिन्याला द्या. दर महिन्याला स्टॅबिलायझरचा आकडा लेखी मागा. नाही दिला तर पैसे थांबवा.

बिनलेबलची उरलेली बादली असेल तर ती वापरून संपवायचा मोह टाळा. टीसीसीए किंवा एसडीआयसी आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (स्टॅबिलायझर नसलेलं कोरडं क्लोरीन) कोरडं किंवा ओलसर एकत्र आलं तर आग लागते, स्फोटही होतो. एकाच्या डब्यातला चमचा दुसऱ्यात घालणंसुद्धा धोक्याचं. ॲसिडजवळ ठेवलं आणि सांडलं तर विषारी क्लोरीन वायू. काय आहे ते ओळखायचंच असेल तर उघड्यावर, ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाका. पांढरा गाळ राहिला तर बहुधा कॅल्शियम हायपो, पटकन स्वच्छ विरघळलं तर बहुधा एसडीआयसी, तळाशी हट्टाने बसून राहिलं तर टीसीसीए. आमच्याकडची ती बादली घ्यायला कोणतंही कार्यालय तयार नाही. ती कोरड्या सावलीत, ॲसिड आणि डिझेलपासून लांब, झाकण लावून ठेवलीय आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: हात लावू नये.