जुनी टग वाचवायची तर पैसा कुणाचा? वर्गणी, सरकार की भंगारवाल्याशी सौदा

जुनं जहाज भंगारात निघालं की हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या चार-पाच जणांची समिती होते आणि पहिल्याच बैठकीत गाडी पैशावर अडते. वर्गणी काढायची, सरकारकडे जायचं, की तोडणाऱ्याकडूनच जहाज परत घ्यायचं? तिन्ही वाटांनी लोक जाऊन आलेत.

वर्गणीच्या वाटेवरचं माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण इंग्लंडमधल्या मर्सी नदीवरचं. ‘डॅनियल ॲडमसन’ ही वाफेवरची टग, म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणारी बोट, १९०३ मध्ये बर्कनहेडला बांधली. एल्समीर पोर्ट ते लिव्हरपूल मालाचे बार्ज ओढायचे आणि जोडीला उतारूही न्यायचे, हे तिचं काम. १९२२ मध्ये ती मँचेस्टर शिप कॅनॉल कंपनीकडे गेली. १९३६ मध्ये कंपनीने बड्या पाहुण्यांसाठी तिच्यातली दालनं आर्ट डेको या तेव्हाच्या झोकदार शैलीत सजवली. (कोळशाच्या टगवर असला थाट, हेही एक नवलच!) १९८४ मध्ये तिचं काम थांबलं आणि २००४ मध्ये तोडायला निघाली. तेव्हा मर्सीवरच टग चालवणाऱ्या एका माणसाने पुढाकार घेतला, संस्था उभी राहिली आणि टग एका पौंडाला मिळाली.

खर्चाचा खरा आकडा मात्र पुढे आला. लॉटरीच्या पैशातून वारसा जपायला अनुदान देणाऱ्या हेरिटेज लॉटरी फंडाने ३८ लाख पौंड मंजूर केले ते २०१५ मध्ये. मधली जवळजवळ अकरा वर्षं स्वयंसेवकांच्या हातांवर आणि लहानसहान देणग्यांवर निघाली. २०१६ मध्ये टग पुन्हा चालू लागली. यातला क्रम बघा: आधी मालकी, मग माणसं, मोठा पैसा शेवटी. दुसऱ्याच्या नावावर असलेल्या बोटीला मोठा देणगीदार हात लावत नाही.

सरकारी वाट आपल्या ओळखीची आहे. विमानवाहू ‘विराट’ मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. मंजुरी कागदावरच राहिली आणि जुलै २०२० मध्ये जहाज ३८.५४ कोटींना भंगारात गेलं.

मग तिसरी वाट. एक कंपनी ‘विराट’ परत विकत घ्यायला पुढे आली. मालकाने १०० कोटी मागितले आणि वर संरक्षण मंत्रालयाचं ना-हरकत पत्र आणायला सांगितलं. ते मिळालं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडकामाला स्थगिती दिली खरी, पण एप्रिलमध्ये सुनावणी झाली तेव्हा सुमारे ४० टक्के जहाज तोडून झालं होतं. जहाजं तोडतात त्या गुजरातमधल्या अलंगला भरतीच्या पाण्यावर जहाज किनाऱ्यावर चढवतात; एकदा चढलं की सौदा करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

अर्थात, २८ हजार टनांची ‘विराट’ आणि दोनशे टनांखालची टग एका तराजूत घालता येत नाहीत. टग वर्गणीच्या आवाक्यात राहू शकते, विमानवाहू नाही.

बोट वाचवल्यावर तिचं काय करणार, हे पैसे मागण्याआधी ठरवा. विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ पाणबुडी वाळूवर चढवून २००२ मध्ये संग्रहालय केलं. ती आजही उभी आहे, कारण तिच्या बुडाला पाणी लागत नाही. मुंबईत जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ पाण्यातच ठेवली, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद केली आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकली. नुसती धक्क्याला बांधून ठेवलेली बोट हा सगळ्यात वाईट पर्याय: खर्च जहाजाचा, उत्पन्न तिकीट खिडकीचं. चालती टग निदान फेऱ्यांचं भाडं तरी मिळवते.

आपल्याकडे हेरिटेज लॉटरी नाही. त्या जागी कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे नफ्यातून समाजकार्याला द्यायचा पैसा, धरता येतो; कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारशाचं जतन बसतं. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी, ट्रस्टच्या आणि देणगीदारांच्या करसवलतीची नोंदणी (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १२अ आणि ८०जी), सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव एवढं हातात हवं. डबा फिरवायची घाई नको. ‘विक्रांत’साठी गोळा केलेल्या वर्गणीच्या हिशेबाचा वाद २०२२ मध्ये पोलिसांपर्यंत गेला होता. बोट मिळाली नाही तर पैसे परत की दुसऱ्या कामाला, हे पहिल्याच पावतीवर छापा.

मालक अजून जुनाच असेल आणि बुडाच्या पत्र्याची जाडी तपासून झाली असेल, तर मी वर्गणीच निवडेन आणि सीएसआरचा अर्ज मालकी हस्तांतरणानंतर करेन. बोट भंगारवाल्याने पैसे मोजून उचलली असेल तर पूर्ण बोटीच्या मागे लागू नका. इंजिन, घंटा आणि नकाशे यांचा भाव विचारा, तोही कटर लागायच्या आत.