लाल क्रॉस की लाल स्फटिक?
अपशिंगे मिलिटरीसारखी फौजी गावं आमच्या साताऱ्यात आहेत, म्हणून हा प्रश्न जवळचा वाटतो: रणांगणावर डॉक्टरला कोणतं चिन्ह जास्त वाचवेल?

लाल क्रॉस १८६४ च्या जिनिव्हा करारातला. स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे केलेले, तरी अनेकांना तो धार्मिक वाटतो. लाल स्फटिक, म्हणजे टोकावर उभी केलेली चौकोनी चौकट, २००५ मध्ये त्यासाठीच स्वीकारला गेला. कायद्याचं संरक्षण दोघांना सारखंच. पण बंदूक रोखलेल्याला क्षणात ओळख पटली पाहिजे. तिथे मी क्रॉसच निवडेन. मात्र आपण तो दवाखान्यांच्या पाट्यांवर, गाड्यांच्या काचांवर सर्रास रंगवतो. १९६० च्या भारतीय कायद्याने विनापरवानगी वापराला बंदी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.