सात महिने, एक वॉशर आणि पाच मिली तेल: स्टीम डिस्टिलरचा वापरानंतरचा अनुभव

हा डिस्टिलर, म्हणजे पाल्यातून वाफेने सुगंधी तेल काढायचं यंत्र, घेऊन सात महिने झाले. तीस लिटरचं स्टीलचं भांडं, आत जाळी, घुमटासारखं झाकण, वाफ निववून तिचं पाणी करणारी कंडेन्सरची गुंडाळी, तेल आणि पाणी वेगळं करणारा काचेचा सेपरेटर आणि सोबत २ किलोवॅटची शेगडी. बाकीची माहिती जाहिरातीत आहेच, ती परत उगाळत नाही. लिहायला बसलो ते झाकणाच्या वॉशरने दुसऱ्यांदा दगा दिला म्हणून.

वॉशर सिलिकोनचं आहे, पांढरं, करंगळीएवढं जाड. झाकणाच्या खोबणीत ते बसतं असं माहितीपुस्तिका म्हणते. बसत नाही. इकडून दाबलं की तिकडून जीभ बाहेर काढतं. सहाच्या सहा क्लॅम्प आवळले तरी कुठून तरी फुसफुस चालूच. त्यात सिलिकोन तेल पितं. गवती चहाच्या चौथ्या खेपेनंतर ते फुगून खोबणीपेक्षा बोटभर लांब झालं होतं. साबणाने धुतलं, दोन दिवस उन्हात टाकलं, वास जाईना. पुढे निलगिरीचा पाला लावला, तर त्या तेलालाही गवती चहाची झाक. इतक्या चांगल्या स्टीलच्या भांड्याला हे असलं वॉशर लावायची बुद्धी कुणाला झाली असेल?

आता मूळ दुखणं. गवती चहाच्या ताज्या पातीत तेलाचा उतारा साधारण ०.२ ते ०.४ टक्के धरतात. म्हणजे ४ किलो पातीतून ८ ते १६ ग्रॅम. मला मिळत होतं ५ मिली. कधी साडेचार. एकदा सहा मिळालं तर घरभर सांगत सुटलो होतो. पाती कापा, भांडं भरा, दीड तास शेगडीसमोर बसा, वर वीज जाळा, आणि हाती काय, तर खोकल्याच्या औषधाच्या झाकणात मावेल एवढं तेल. अर्थात मी सगळं खापर वॉशरवर फोडलं. वाफ गळते, वाफेबरोबर तेल जातं, हिशेब सोपा वाटला.

कंपनीला फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, क्लॅम्प नीट आवळा. दुसऱ्यांदा म्हणाले, "सर, तुमच्या गवतातच तेल कमी असेल." हे मात्र लागलं. ओळखीतल्या एका प्रयोगशाळेत त्याच पातीतली १०० ग्रॅम पाती क्लेव्हेंजरमध्ये लावून घेतली. वनस्पतीतलं उडनशील तेल मोजायचं हे काचेचं उपकरण १९२८ सालापासून याच कामाला आहे. तीन तासांनी नळीत ०.३५ मिली तेल दिसलं. म्हणजे ४ किलोला १४ मिली. गवत निर्दोष सुटलं. तो फोटो कंपनीला पाठवला, तेव्हा कुठे नवीन वॉशर आलं. तेही एक माप लहान.

इथपर्यंत मी एक स्टार द्यायच्या बेतात होतो. पण भांडायचं तर आकडे हातात असावेत, म्हणून एका रविवारी गवत न घालता नुसतं ८ लिटर पाणी उकळलं. आधी भांडं तोललं, दीड तासाने थंड करून परत तोललं, आणि कंडेन्सरमधून आलेलं पाणी वेगळं मोजलं. भांड्यातून गेलं ३.४ लिटर. पलीकडे आलं ३.२५ लिटर. गळती १५० मिली, साडेचार टक्क्यांच्या आतच. १४ मिलीतले साडेचार टक्के म्हणजे जेमतेम अर्धा मिली. मग बाकीचं आठ-साडेआठ मिली जात होतं कुठे? आकडे हातात आले खरे, पण ते माझ्या बाजूने बोलेनात.

पुढच्या खेपेला भांडं उघडल्यावर गवत फेकून न देता मोठ्या परातीत अख्खं उलटं केलं. एरवी घाईत हे पाहिलंच नव्हतं. मधोमध ताटलीएवढा भाग शिजून पिवळट तपकिरी झालेला, आणि कडेचं गवत चक्क हिरवं. चुरगळून नाकाला लावलं तर घमघमाट. वाफ आळशी असते, जिथे वाट मोकळी तिथून जाते. मी लांब लांब पाती मुठीने कोंबत होतो, मध्ये पोकळी राहत होती आणि वाफ त्या बोगद्यातून सरळ वर. आता पाती दोन-तीन सेंटिमीटर कापतो, सावलीत एक रात्र सुकवतो आणि थराथराने सारखी पसरतो. फार दाबतही नाही, नाहीतर वाफ अडते. एवढ्यावर उतारा ५ वरून ८ मिलीवर गेला.

उरलेल्याचा चोर मात्र मीच निघालो. कंडेन्सरला नळाचं पाणी सोडून द्यायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून २० लिटरची बादली आणि फिशटँकचा छोटा पंप, तेच पाणी फिरत राहायचं. माझा मलाच कौतुक वाटणारा जुगाड. पण हिशेब बघा. एक किलो वाफेचं पाणी व्हायला आणि ते पाणी निवायला सुमारे २,५०० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. माझी शेगडी तासाला सव्वादोन लिटर उकळते. म्हणजे अर्ध्या तासात बादलीचं तापमान तीसेक अंशांनी चढतं. २५ अंशांचं पाणी ५५ वर. त्यानंतर गुंडाळीच्या टोकाला बोट धरवत नव्हतं, आणि मी खुशाल म्हणत होतो, वा, काय वास सुटलाय! तो वास म्हणजे माझं तेल होतं. शिवाय गरम धारेबरोबर थोडं तेल बारीक थेंबांतही निसटायचं. सेपरेटरमधलं पाणी ताकासारखं पांढुरकं राहायचं आणि तसंच खालच्या नळीवाटे निघून जायचं.

आता २०० लिटरचं पिंप ठेवलंय. पाणी तेच फिरतं, एका खेपेत दहा अंशांनी तापतं, रात्रीत निवतं. एक थेंब वाया नाही. बाहेर येणारी धार ३५ ते ४० अंशांवर राखतो. गेल्या तीन खेपा १२, १२.५ आणि १३ मिली. तेव्हा यंत्राला एक स्टार द्यायचा विचार मागे घेतला. गुंडाळी उत्तम आहे, वेल्डिंग सफाईदार, सात महिन्यांत गंजाचा ठिपका नाही. पण माहितीपुस्तिकेत थंड पाण्याबद्दल एकच ओळ आहे, "थंड पाणी फिरते ठेवावे." किती, कुठपर्यंत थंड, काही नाही. आणि जंतुनाशक फवाऱ्यापासून केसांच्या तेलापर्यंत उपयोगांची यादी दोन पानं!

वॉशरचं म्हणाल तर ते लहान मापाचं ताणून बसवलं होतं, ते सांध्यावर फाटलं. आता खोबणीत कणकेची वळी लावतो, जुने अत्तरवाले मातीने लिंपायचे तसं. अर्ध्या तासात भाजून घट्ट होते, फुसफुस बंद. तेल थोडंफार पीत असेल, पण दर वेळी नवी, त्यामुळे आधीचा वास पुढच्या तेलात येत नाही. शिवाय आत चुकून दाब वाढला तर झाकणाआधी तीच फुटेल. क्लॅम्प मी आता हलकेच लावतो. शेवटची नळी मात्र कधीही बंद होता कामा नये, आणि तेलाची वाफ पेट घेते म्हणून सेपरेटर शेगडीपासून हातभर लांब असावा. हेही पुस्तिकेत नाही.

लवंग काढणाऱ्यांसाठी एक. हा सेपरेटर पाण्यावर तरंगणाऱ्या तेलासाठीच आहे, पाणी तळातून बाहेर जातं. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, घनता १.०५ च्या आसपास. पाव किलो लवंग भरडून लावली, दोन तास काचेकडे टक लावून बसलो, वर तेलाचा पत्ता नाही. परत कंपनीला फोन करायला उठलो, तेवढ्यात निचऱ्याच्या बादलीकडे लक्ष गेलं. तळाशी पिवळसर गोळ्या पाऱ्यासारख्या इकडून तिकडे घरंगळत होत्या. औषधाच्या ड्रॉपरने एकेक गोळा केल्या. १९ मिली भरल्या. तासभर ओणवं राहून कंबर धरली ती वेगळी. सेपरेटरला दोन स्टार, भांड्याला चार, वॉशरला शून्य.