पितळी नळकांडी साफ करायला: अक्रोडाचा भुसा की स्टीलच्या पिना?

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ७०:३० पितळेची खोल ओढलेली (पत्रा साच्यात दाबून ताणत बनवलेली) नळकांडी येतात. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. काडतुसांच्या पुंगळ्याही याच पितळेच्या असतात. साफसफाईचे दोन्ही मार्ग मी वापरले आहेत.

व्हायब्रेटरमध्ये, म्हणजे थरथरणाऱ्या भांड्यात, अक्रोडाच्या टरफलाचा भुसा घातला की बाहेरून छान झळाळी येते. पाणी नाही, वाळवणं नाही. पण चार-पाच तास लागतात, धूळ नाकातोंडात जाते आणि आतला काळा थर बराचसा तसाच राहतो. मास्क लावाच.

फिरत्या ड्रममध्ये स्टीलच्या बारीक पिना, पाणी, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड घातलं, तर तळाचा कोपराही लख्ख होतो. अ‍ॅसिड जास्त झालं तर मात्र पितळ गुलाबी पडतं. पिना चुंबकाने निघतात, तरी प्रत्येक नग उलटा करून पाहावा लागतो. खरी अडचण पावसाळ्यात. ठाण्याच्या जुलैत ओला माल ठेवला की रात्रीत डाग! आम्ही धुतल्याबरोबर गरम हवेखाली धरतो.

माझी पसंती ओल्या पद्धतीला; नुसती वरची चमक हवी असेल तरच भुसा.

पॉलिश मात्र अमोनियाचं नको. ब्रिटिशकाळात भारतातल्याच पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेत उरलेला ताण यांचा तो परिणाम होता, हे १९२१ मध्ये उलगडलं. आमचा मालही तसाच ताणलेला असतो.