दहा मिनिटांत वाळलेला इपॉक्सी

आमची मारुती ८०० सोसायटीत उघड्यावर उभी असते. मागच्या चाकांवरचा पत्रा आणि दारांखालची पट्टी गंजायला लागली होती. गॅरेजवाल्याने तेवढ्याच कामाचे चौदा हजार सांगितले. गाडीची किंमत ती काय राहिली आहे, आणि त्यात हे! म्हटलं, घरीच करू. कॉम्प्रेसर नाही, स्प्रे गन नाही; पण इपॉक्सी प्रायमर (रंगाच्या आधी पत्र्याला लावायचा गंजरोधक थर) बारीक फोमच्या रोलरने लावता येतो आणि मग पाणी पेपरने, म्हणजे ओल्याने घासायच्या पॉलिश पेपरने, घासून सपाट करता येतो, एवढं मला माहीत होतं. माहिती बरोबर होती, डबा खोटा निघाला.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या गल्ल्यांमधल्या एका रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिलंच विचारलं, "साहेब, गन आहे का?" नाही म्हटल्यावर त्याला कोण आनंद झाला! "मग टू-के इपॉक्सीच घ्या. सीलबंद घ्याल तर चार लिटरचा सेट घ्यावा लागेल, तुमचं काम लिटरमध्ये होतंय. ड्रममधून सुटा देतो." (टू-के म्हणजे दोन भागांचा: प्रायमर आणि त्यात मिसळून तो घट्ट करणारा हार्डनर.) बिनलेबलच्या डब्यात राखाडी प्रायमर, वर मार्करने 'इपॉक्सी' लिहिलेलं, आणि प्लास्टिकच्या बाटलीत पाण्यासारखं पातळ 'हार्डनर'. चारास एक मिसळा म्हणाला. झाले १,४५० रुपये. बिल मागितलं तर, "बिलाने १८ टक्के वाढतील, बघा." मी बघितलं, अडीचशे रुपये वाचवले, त्याने मागवलेला चहा प्यायलो आणि फोनवरून पैसे पाठवून घरी आलो.

१ मेच्या सुट्टीला सकाळीच काम काढलं. गंज ८० नंबरच्या पेपरने पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासला, मग १८० नंबर, थिनरचा बोळा, मास्किंग टेप. प्रायमर मिसळला तेव्हा नेलपॉलिशसारखा वास घमघमला. रोलर दुसऱ्या फेरीलाच ओढायला लागला आणि दहा मिनिटांत सगळं वाळून खडखडीत. आता सांगायला लाज वाटते, पण मी खूश झालो. खरा टू-के इपॉक्सी इतक्यात वाळत नाही, घासण्याजोगा व्हायला बहुधा रात्र जाऊ द्यावी लागते, हेही मी वाचलेलं होतं. अक्कल कुठे चरायला गेली होती, कोण जाणे. दुपारपर्यंत तीन हात झाले. दुसऱ्या दिवशी ४०० नंबरच्या पाणी पेपरने घासून स्प्रे कॅनमधला पांढरा मारला. शेजारचे काका येऊन म्हणाले, "छान झालंय. लांबून."

जूनमध्ये पाऊस लागला आणि चाकावरच्या कडेला फोड दिसायला लागले. एक नखाने दाबला, तर आतून पाणी आणि त्याखाली नारिंगी गंज.

ओळखीच्या पेंटरला दाखवलं. त्याने न बोलता फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि फोडांशेजारी फिरवलं. वरचा पांढरा गेला तो गेलाच, खालचा राखाडीही चिखलासारखा फडक्यावर आला. "काका, हा एनसी आहे. बाटलीत थिनर भरून दिलंय तुम्हाला."

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा प्रायमर, थिनर उडून वाळतो. त्यात रासायनिक क्रिया होत नाही, म्हणून पुन्हा थिनर लागलं की विरघळतो. शिवाय तो पाणी धरतो. उघड्या पत्र्यावर तो लावून वरून पाणी पेपर मारला, म्हणजे गंजाला पहिलं पाणी मीच पाजलं होतं. टू-के इपॉक्सी हार्डनरशी क्रिया होऊन घट्ट होतो आणि पुरता वाळल्यावर थिनरच्या फडक्याला दाद देत नाही. ही परीक्षा पत्र्याच्या तुकड्यावर आदल्या दिवशी करता आली असती. खर्च शून्य.

दुकानात गेलो. दुकानदार ओळख दाखवेना. फोनमधला व्यवहार दाखवला तर म्हणाला, "हे साध्या प्रायमरचे पैसे असतील." खोडून काढायला माझ्याकडे काय होतं? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, तर तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच. सीलबंद डब्यावर उत्पादकाचं नाव, महिना-वर्ष, वजन-माप, एमआरपी छापलेलं असावं लागतं. माझ्या डब्यावर मार्करचं एक अक्षर. अडीचशे रुपये वाचवले होते ना!

पावसाळ्यात हवेला दमटपणा असतो, म्हणून दिवाळीनंतर परत सुरुवात केली. दुसऱ्या दुकानात एक लिटरचा सीलबंद सेट आरामात मिळाला, हार्डनरचा वेगळा डबा, दोन्हींवर प्रमाण छापलेलं. (प्रमाण कंपनीगणिक बदलतं, दुकानदाराच्या तोंडचं धरू नका. आणि हार्डनर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, असेल तर त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. रोलरने मारलं तरी साध्या कापडी मास्कने भागत नाही.) बिल घेतलं. रोलर या वेळी लोण्यासारखा फिरला आणि संध्याकाळी बोट लावलं तर अजून चिकटत होतं. तसाच सोडून वर गेलो.

उरलेलं मिश्रण वाटीत राहिलं होतं. सकाळी पाहिलं तर ढवळायचा चमचा त्यात उभाच्या उभा रुतून दगड झालेला. मी थिनर ओतून पाहिलं, ढिम्म हललं नाही. खाली पार्किंगमध्ये मी हसत बसलो होतो, तेवढ्यात हिने बाल्कनीतून विचारलं, "ती आमटीची वाटी कुठली हो?"