गुडघ्याचं मॉडेल: कबड्डीच्या मैदानावर सहा महिने वापरल्यानंतर

आमच्या मुलींच्या कबड्डी संघासाठी जानेवारीत मी गुडघ्याचं प्लास्टिकचं मॉडेल विकत घेतलं. पुण्यात मेडिकलची पुस्तकं मिळतात अशा एका दुकानातून, स्टँडसकट २,६०० रुपयांना. आकाराने खऱ्या गुडघ्याएवढं. मांडीचं हाड, नडगी, तिच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, पुढे वाटी, मधे दोन गाद्या आणि लिगामेंटच्या, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या दोऱ्यांच्या, जागी रबरी पट्ट्या. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी ते मैदानावर येतं.

का घेतलं ते आधी सांगते. २०११ साली माझी स्वतःची एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारी गुडघ्यातली लिगामेंट, तुटली. चढाईवरून मध्यरेषेकडे वळताना. पकडायला जवळ कुणी नव्हतंसुद्धा. आत ‘टक्’ झालं आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसलं, म्हणून सगळ्यांनी लचक धरली. पुढचे आठ महिने मी तेल चोळून, पट्टा बांधून खेळत राहिले. त्या काळात तीनदा गुडघा निसटला आणि शेवटी आतली गादीही फाटली. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही एवढं जरी तेव्हा कुणी सांगितलं असतं, तरी ती गादी वाचली असती. माझ्या मुलींच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

मॉडेलची सगळ्यात जमेची बाजू म्हणजे पट्ट्या सुट्या करता येतात. मांडीच्या हाडाला खाली दोन गोलाकार टोकं असतात, त्यांच्या मधल्या खाचेत दोन पट्ट्या एकमेकींना छेदून जातात. खऱ्या गुडघ्यात एसीएल बाहेरच्या टोकाच्या आतल्या भिंतीवरून निघून नडगीच्या माथ्यावर पुढच्या बाजूला उतरते. दुसरी, पीसीएल, जास्त जाड, ती आतल्या टोकावरून निघून नडगीच्या मागच्या काठाला जाते. मी गुडघा वीस-तीस अंश वाकवते, एका हाताने मांडी धरते, दुसऱ्याने नडगी पुढे ओढते. ती जागची हलत नाही. मग एसीएलची पट्टी हुकातून काढून पुन्हा ओढते. नडगी सरळ पुढे सरकते. डॉक्टर पेशंटच्या पायावर हेच करून बघतात, त्याला लॅकमन टेस्ट म्हणतात. पहिल्या दिवशी हे दाखवलं तेव्हा मुली गप्पच झाल्या, आणि मग प्रत्येकीला ते स्वतःच्या हाताने करून बघायचं होतं.

बाजूच्या लिगामेंटही बऱ्याच नीट दाखवल्या आहेत. आतल्या अंगाची एमसीएल रुंद आणि चपटी, गादीला चिकटलेली. बाहेरची एलसीएल दोरीसारखी गोल, बारीक हाडाच्या माथ्यावर उतरणारी. तिच्या आणि गादीच्या मधे फट आहे. मॉडेलमध्ये ती फट ठेवली आहे, हे मला फार आवडलं. आतली गादी लिगामेंटला बांधलेली असल्यामुळे तिला सरकायला जागा कमी आणि म्हणून ती जास्त सापडते, हे तोंडी सांगून मुलींच्या डोक्यात शिरत नव्हतं. इथे बोट घालून बघितलं की कळतं.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. एसीएलचं वरचं टोक चुकीच्या जागी बसवलंय. खाचेच्या छताला, अगदी वर. खरी लिगामेंट भिंतीवर खाली आणि मागे बसते, तीही एका बिंदूत नाही तर पसरट जागेवर. विद्यार्थ्यांच्या मॉडेलमध्ये एवढं चालतं, असं दुकानदार म्हणाले. मला ते पटलं नाही, कारण ऑपरेशनचं यश बऱ्याच अंशी याच जागेवर असतं. दुर्बिणीतून नवीन लिगामेंट बसवताना मांडीच्या हाडात बोगदा पाडतात. पूर्वी तो नडगीच्या बोगद्यातूनच पाडत, त्यामुळे पुष्कळदा तो जास्त वर जायचा आणि नवी लिगामेंट उभी बसायची. उभ्या लिगामेंटने नडगीचं पुढे सरकणं थांबतं, पण पिळा नीट थांबत नाही. आणि कबड्डीत तर सगळा खेळ पिळ्याचा! बोनस घेऊन गर्रकन मागे वळायचं म्हणजे गुडघा पिळला जाणारच. हल्ली बरेच सर्जन वेगळ्या छिद्रातून जाऊन मूळच्या जागी बोगदा पाडतात.

शेवटी मी दुरुस्ती केली. भिंतीवर योग्य जागी गावातल्या सुताराकडून दोन बारीक भोकं पाडून घेतली आणि रबरी पट्टीऐवजी बुटांच्या दोन लेस ओवल्या, एक लाल, एक निळी. कारण एसीएल म्हणजे दोन जुड्या असतात. गुडघा वाकवला की पुढची लाल ताणते, सरळ केला की मागची निळी. कंपनीने एकच जाड पट्टी देऊन हे सगळं झाकून टाकलंय.

दुसरी उणीव म्हणजे मांडीमागचे स्नायुबंध, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, मॉडेलमध्ये नाहीतच. माझ्या गुडघ्यात आज जी एसीएल आहे ती त्यांचीच आहे: नडगीच्या आतल्या अंगाला उतरणारे दोन लांब बंध काढून, दुमडून, चार पदर करून बसवलेली. काहींना वाटीखालचा बंध दोन्ही टोकांच्या हाडासकट काढून बसवतात. मुलींना हे दाखवायला मी कापडी नाडी वापरते. ‘ताई, हाड जुळतं तर तुटलेली लिगामेंट का जुळत नाही?’ हा प्रश्न दरवेळी येतोच. मोडलेल्या हाडाभोवती रक्ताची गाठ धरते, तिथून जुळणी सुरू होते. सांध्यातल्या पाण्यात ती गाठ टिकत नाही, तुटलेली टोकं लोंबत राहतात. म्हणून वळणा-उड्यांच्या खेळात परतायचं असेल तर बहुतेकींना टाके घालून भागत नाही, नवीन लिगामेंट बसवावी लागते.

मॉडेलचे पैसे माझ्या दृष्टीने वसूल झाले ते मार्चमध्ये. आमच्या एका चढाईपटूचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. सूज नाही, दुखणं नाही, ती पळतही होती, आणि तिच्या वडिलांना तिला तालुक्याच्या स्पर्धेत उतरवायचं होतं. त्यांच्या हातात मी ती नाडी दिली. म्हटलं, दादा, बसवली तेव्हा ही मेलेल्या दोरीसारखी होती. आता तिच्यात रक्तवाहिन्या शिरतायत, ती आतून नव्याने विणली जातेय. दुखत नाही म्हणजे विणून झाली असं नाही. नॉर्वेतल्या खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, तोही सांगितला: नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या दर महिन्याला पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण निम्म्याने घटलं. त्यांनी नाडी दोन-तीनदा ओढून बघितली आणि स्पर्धेचा फॉर्म परत घेतला.

कुणी घेणार असेल तर एवढं बघून घ्या. स्टँडचा स्क्रू ढिला आहे, तो पहिल्याच आठवड्यात घट्ट करून घ्यावा लागतो. पीसीएलचं रबर सहा महिन्यांत सैल पडलंय आणि सुट्या पट्ट्या दुकानात मिळत नाहीत. नुसतं कपाटात ठेवायला असेल तर यापेक्षा स्वस्त मॉडेल चालेल. पण पट्ट्या सुट्या होणारंच घ्या, आणि घेताना खाचेत बोट घालून एसीएलचं वरचं टोक कुठे आहे ते तपासा.